ऑरेंज बिटर्स कधी लागतच नाही, कधी एकदम कडू: घोळ नेमका कुठे होतो

घरी ऑरेंज बिटर्सची (कडू संत्र्याची साल, मुळं आणि मसाले मुरवून केलेला, कॉकटेलमध्ये थेंबाने घालायचा अर्क) बाटली आणली की सुरुवातीचे काही दिवस मजेत जातात आणि मग एक त्रास सुरू होतो, तो म्हणजे रेसिपी तीच, जिन तीच, व्हर्मूथ तीच, बर्फ तोच, तरी एका दिवशी मार्टिनी अशी जमते की पहिल्याच घोटानंतर घरातल्या कुणालातरी हाक मारून चाखायला द्यावीशी वाटते आणि दोन दिवसांनी तीच मार्टिनी संत्र्याची साल चावल्यासारखी कडू होते. किंवा अगदी उलट, आत बिटर्स आहे हे सांगितल्याशिवाय कळतच नाही. मला हा त्रास जवळजवळ वर्षभर होता आणि त्या काळात मी जिन बदलली, व्हर्मूथ फ्रिजमध्ये ठेवायला लागलो (ती तशीही फ्रिजमध्येच ठेवायला हवी, ती वाइनच आहे), बर्फ मोठा वापरला, ढवळायचा वेळ घड्याळ लावून मोजला, पण प्रकार तसाच. शेवटी एका संध्याकाळी बायको शेजारी उभी राहून बघत होती ती सहज म्हणाली, "अहो, परवा किती जोरात झटकलीत बाटली आणि आज किती हळू, एकसारखं कसं येईल?" आणि खरंच, बाकी सगळं मी मापाने घेत होतो आणि ज्याची चव सगळ्यात तीव्र तेच अंदाजाने.

म्हणून मी बाटलीच तपासायची ठरवली. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घेतला, त्यावर छोटा ग्लास ठेवून शून्य केला आणि दहा डॅश मारले (डॅश म्हणजे बाटली उलटी करून मारलेला एक झटका). नवीन, गळ्यापर्यंत भरलेल्या बाटलीतून दहा डॅशचं वजन भरलं ४.३ ग्रॅम. त्याच ब्रँडची जुनी बाटली होती, तळाशी एक तृतीयांश उरलेली, तिच्यातून दहा डॅश मारले तर ८.९ ग्रॅम. दुपटीहून जास्त! पुन्हा केलं, पुन्हा तसंच, थोडंफार इकडेतिकडे. रेसिपीत दोन्ही वेळा लिहिलेलं असतं "दोन डॅश", पण एका वेळी अर्धा अर्धा डॅश पडत होता आणि दुसऱ्या वेळी पूर्ण, मग ग्लासात तेच पेय कसं होणार.

असं का होतं तर बाटलीच्या तोंडाशी प्लास्टिकची जी बुचासारखी जाळी असते तिला एकच बारीक भोक असतं. द्रव बाहेर यायचा तर तेवढी हवा आत शिरावी लागते आणि दोघांना रस्ता तोच. बाटली भरलेली असताना आत हवा जवळपास नसते, द्रवाला हलायला जागा नसते, त्यामुळे झटका मारला तरी थोडंसंच येतं. रिकामी होत जाते तसा आतला द्रव झटक्याबरोबर धावत येऊन भोकावर आदळतो आणि मोठी धार निघते. त्यात तुम्ही बाटली पूर्ण उलटी करता की तिरकी धरता, मनगट किती वापरता, यानेही फरक पडतो. आणखी एक मला दिसलं ते असं की बरेच दिवस बंद असलेल्या बाटलीचा पहिला डॅश जवळजवळ नेहमी छोटा येतो, म्हणून पहिला डॅश सिंकमध्ये किंवा सरळ तळहातावर मारा, वास घ्या, आणि मग ग्लासात. वास घेण्याचा उपयोग पुढे सांगतो.

आता उपाय. बारमध्ये डॅश म्हणजे साधारण ०.८ मिली धरतात, काही ठिकाणी चहाच्या चमच्याचा आठवा भाग म्हणतात, म्हणजे ०.६ च्या आसपास. तुम्ही यातलं कुठलंही धरा, पण एकच धरा आणि ते मापा. मी लहान मुलांना औषध पाजायची बिनसुईची १ मिलीची सिरिंज आणली, बाटलीची प्लास्टिकची जाळी टोकाने उचकटून काढली (नखाने निघत नाही, चमच्याची दांडी घालून हळू उचला, काचेच्या तोंडाला लावू नका), आणि आता ०.८ च्या खुणेपर्यंत ओढून घेतो. थेंबांसाठी वेगळी ड्रॉपरची बाटली भरून ठेवली आहे, गडद काचेची. इथे एक चूक बरेच जण करतात आणि मीही केली, ती म्हणजे "२० थेंब म्हणजे १ मिली" हा हिशोब. तो पाण्याचा हिशोब आहे. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्यापेक्षा बराच कमी असतो त्यामुळे थेंब मोठा व्हायच्या आधीच सुटून पडतो, म्हणजे थेंब लहान. माझ्या ड्रॉपरने त्याच बिटर्सचे १ मिलीला ३८ थेंब भरले. तुमच्या ड्रॉपरचं तोंड वेगळं असेल तर आकडा वेगळा येईल, एकदा सिरिंजमध्ये मोजून घ्या आणि कागदाची पट्टी लिहून बाटलीला चिकटवा, नंतर परत मोजायला लागत नाही.

माप पक्कं झालं की आपल्याला नेमकं किती आवडतं ते शोधायचं आणि हे मात्र प्रत्येकाचं वेगळं निघतं. ६० मिली जिन, ३० मिली ड्राय व्हर्मूथ, बिटर्स अजिबात न घालता बर्फात नीट ढवळा, गाळून तीन छोट्या ग्लासांत सारखं वाटा. पहिल्यात काहीच नाही, दुसऱ्यात १० थेंब, तिसऱ्यात २५. एका घोटावरून दुसऱ्या घोटावर जा. पहिल्यात जिन आणि व्हर्मूथ एकमेकांपासून सुटे सुटे लागतात, दुसऱ्यात ते जोडले जातात पण संत्रं म्हणून वेगळं काही लागत नाही, तिसऱ्यात संत्र्याची साल ओळखू येते आणि जिभेच्या मागे कडवटपणा रेंगाळतो. मला स्वतःला दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधलं आवडतं, आमच्याकडे एका मित्राला तिसराच आवडला. हा प्रयोग एका संध्याकाळचा आहे, पण याने जेवढं कळतं तेवढं दहा रेसिपी वाचून कळत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या ड्राय मार्टिनीत जिन आणि व्हर्मूथ निम्मं निम्मं आणि त्यात ऑरेंज बिटर्स अशी पद्धत होती, नंतर व्हर्मूथ कमी होत गेली आणि बिटर्स तर निघूनच गेलं. ते परत घालून बघा, तेव्हा कळतं की ते तिथे का होतं.

माप बरोबर असूनही "लागतच नाही" अशी तक्रार असेल तर आधी बघा तुम्ही ते कशात घालताय. ऑरेंज बिटर्सचा जीव वासात आहे, आणि थंडीत वास दबतो. ढवळलेल्या कॉकटेलमध्ये वितळलेल्या बर्फाचं पाणी मूळ मापाच्या साधारण ४० ते ५० टक्के इतकं मिसळतं, शेक केलं तर त्याहून जास्त, म्हणजे बिटर्सही तितकंच पातळ होतं. लिंबाचा रस असलेल्या आंबट कॉकटेलमध्ये तर दोन डॅश कुठे गेले ते कळत नाही, कारण लिंबूवर्गाचा वास तिथे आधीच भरलेला असतो. अशा वेळी आत जास्त ओतत बसण्यापेक्षा गाळून झाल्यावर वरून ४-५ थेंब टाका, नाकाला आधी तेच भेटतं. अंड्याच्या पांढऱ्याचा फेस असेल तर फेसावर थेंब टाकण्याने अंड्याचा वासही झाकला जातो.

उलट जिथे ऑरेंज बिटर्स खरंच उठून दिसतं अशी पेयं म्हणजे रस नसलेली, ढवळलेली. ६० मिली बर्बन, १५ मिली कॉफी लिकर (कॉफीच्या चवीची गोड दारू) आणि दोन डॅश ऑरेंज बिटर्स, याला रिव्हॉल्व्हर म्हणतात, आणि कॉफी आणि संत्र्याची साल ही जोडी इतकी घट्ट आहे की बिटर्स न घालता तेच पेय करून बघितलं तर ते गोड आणि सपाट लागतं. शेरी (स्पेनची कडक वाइन) आणि गोड व्हर्मूथचं अडोनिस, शेरी आणि ड्राय व्हर्मूथचं बांबू, ही दोन्ही हलकी, कमी अल्कोहोलची, आणि दोन्हीत ऑरेंज बिटर्स. ओल्ड फॅशन्डमध्ये (व्हिस्की, साखर आणि बिटर्सचं पेय) मी अँगोस्टुरा (नेहमीचं मसालेदार बिटर्स) दोन डॅश आणि ऑरेंज एक डॅश घालतो, नुसतं ऑरेंज घातलं तर दालचिनी-लवंगेच्या वळणाचा जो गरम मसालेदारपणा हवा असतो तो येत नाही आणि पेय थोडं पोकळ राहतं.

आता दुसरं टोक, कडू होतं. इथे आधी एक गैरसमज काढायला हवा, कारण याने पूर्ण ग्लास वाया जातो. कंपारी, अपेरोल यांनाही बिटर म्हणतात, ती प्यायची बिटर आहेत, ३० मिली सरळ ओततात. ऑरेंज बिटर्स हे थेंबाने वापरायचं. कुणी नेग्रोनीची (जिन, गोड व्हर्मूथ आणि कंपारीचं कॉकटेल) रेसिपी वाचून "बिटर ३० मिली" म्हणून ऑरेंज बिटर्स ओतलं की संपलं. तसंच ऑरेंज लिकर, म्हणजे ट्रिपल सेक किंवा कुरासाओ, हा याचा पर्याय नाही, ते गोड असतं आणि मिलीत मोजतात, आणि केकमध्ये घालायचा ऑरेंज इसेन्स तर अजिबातच नाही, त्यात वास आहे पण कडूपणाचा कणा नाही.

कडूपणा येतो कुठून तर कडू संत्र्याच्या, म्हणजे सेव्हिल जातीच्या सालीतून (तिच्यात नारिंजिन आणि निओहेस्पेरिडिन असतं) आणि जेन्शनसारख्या मुळांतून. चुकून जास्त पडलं तर साखर घालून ते निस्तरायला जाऊ नका, गोड-कडू असं सरबतासारखं काहीतरी होतं. दोन गोष्टी चालतात. एक, मिठाचं पाणी: २० ग्रॅम मीठ ८० ग्रॅम पाण्यात विरघळवून ड्रॉपरमध्ये ठेवा, २-३ थेंब टाका, मीठ म्हणून लागत नाही पण कडूपणा खाली बसतो आणि संत्र्याचा वास मोकळा होतो, मला पहिल्यांदा हे पटलं नव्हतं, मग दोन ग्लास शेजारी ठेवून चाखले. दोन, बिटर्स न घालता तेच पेय अजून एकदा करा आणि दोन्ही एकत्र करून दोन ग्लासांत वाटा. आणि मुळात चूक स्वस्तात पडावी म्हणून बिटर्स रिकाम्या ग्लासात सगळ्यात आधी घाला. जास्त पडलं तर तेवढंच फेकून परत घ्यायचं, ६० मिली चांगली जिन त्याच्यासोबत जात नाही.

माप बरोबर, पेयही बरोबर, तरी रेसिपीतल्यासारखं लागत नाही असं असेल तर बहुतेक बाटली वेगळी आहे. ऑरेंज बिटर्स हे एकच काहीतरी आहे असं आपण धरून चालतो आणि घोळ तिथेच होतो. फी ब्रदर्सचं ग्लिसरिनवर आधारलेलं, गोडसर, मऊ, संत्र्याच्या गोळीसारख्या वळणाचं. रीगन्स नंबर ६ हे ४५ टक्के अल्कोहोलचं, कोरडं, वेलदोडा ठळक, कडूपणा स्पष्ट. अँगोस्टुराचं ऑरेंज २८ टक्क्यांचं, यात ताज्या सालीचा वास जास्त. जर्मनीतलं बिटर ट्रुथ ३९ टक्के, तेही मसालेदार बाजूला. एकाचे दोन डॅश आणि दुसऱ्याचे दोन डॅश यांची तुलनाच होत नाही. बारवाल्यांमध्ये रीगन्स आणि फी ब्रदर्स निम्मं निम्मं मिसळून एक बाटली भरून ठेवायची पद्धत पडली ती याचसाठी, एकाचा कोरडेपणा आणि दुसऱ्याचं फळ. मी हे मिश्रण करून ठेवलंय आणि मार्टिनीसाठी मला तेच सगळ्यात आवडतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑरेंज बिटर्स बाजारातून जवळजवळ नाहीसंच झालं होतं, कॉकटेलांवर लिहिणारे गॅरी रीगन यांनी स्वतःचं (तेच रीगन्स नंबर ६) काढलं आणि अँगोस्टुराचं ऑरेंज २००७ मध्ये आलं, म्हणजे जुन्या रेसिपी लिहिणाऱ्यांच्या हातात यातल्या बऱ्याच बाटल्या नव्हत्याच. म्हणून जुन्या रेसिपीतलं प्रमाण ही सुरुवात समजा, हुकूम समजू नका.

बाटली जुनी झाली का हे कसं ओळखायचं, तर तळहातावरचा तो पहिला डॅश. हात चोळा, दहा सेकंद थांबा, मग वास घ्या. चांगल्या बिटर्सला साल सोलताना येतो तसा उघडा, तेलकट वास येतो आणि मागून मसाला. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन नावाचं सुगंधी द्रव्य असतं आणि ते हवा, उजेड आणि उष्णतेने ऑक्सिडाइज होतं, मग वास रंगाच्या थिनरकडे झुकतो. अल्कोहोल जास्त असलेलं बिटर्स सहसा नासत नाही, पण वास जातो किंवा बिघडतो. माझी एक बाटली शेगडीच्या वरच्या फळीवर दीड वर्ष होती, पारदर्शक काचेची, तिच्यात कडूपणा शाबूत आणि संत्रं गायब, आणि मी कित्येक महिने संत्रं लागावं म्हणून जास्त डॅश मारत होतो आणि पेय नुसतं कडू होत होतं. म्हणजे "लागत नाही" आणि "कडू होतं" या दोन्ही तक्रारी एकाच बाटलीतून. फ्रिजची गरज नाही, बंद कपाटात, गॅसपासून लांब, झाकण घट्ट, एवढं पुरतं.

पेय किंवा सोडा ढगाळ झाला म्हणून घाबरू नका. सालीचं तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही, पाणी वाढलं की ते अगदी बारीक थेंबांच्या रूपात बाहेर येतं आणि उजेड विखुरतं, ऊझो किंवा पास्टिस या बडीशेपेच्या वासाच्या दारूंमध्ये पाणी घातल्यावर दुधाळ होतं तोच प्रकार. खराब झालेलं नसतं. उलट मला तर थोडा ढगाळपणा दिसला की बरं वाटतं, तेल आहे अजून.

सोडा उतू जातो ही वेगळी तक्रार, भरलेल्या ग्लासात वरून बिटर्स झटकलं की फेस चढतो. बिटर्स आधी, त्यावर बर्फ, मग सोडा ग्लासच्या कडेने हळू. टॉनिकलाही हेच, मात्र टॉनिक आधीच कडू आहे त्यामुळे तिथे अर्धं माप. थंड कॉफी, टॉनिक आणि १५ थेंब ऑरेंज बिटर्स, उन्हाच्या दुपारी याच्यासारखं दुसरं काही नाही. गरम चहा-कॉफीत घालायचं तर कप भरल्यावर, अगदी शेवटी, उकळताना घातलं तर वास वाफेबरोबर निघून जातो आणि मागे फक्त कडू उरतं. हॉट चॉकलेटमध्ये ८-१० थेंब.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो, पाहुण्यांना देताना. बिटर्स-सोड्याला बरेच जण बिनदारूचं पेय म्हणतात. २८ टक्क्यांचं १ मिली बिटर्स २०० मिली सोड्यात घातलं तर साधारण ०.१४ टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे फार थोडं, पण शून्य नाही. जो माणूस धर्मामुळे, औषधामुळे किंवा सोडून दिली म्हणून अजिबात घेत नाही त्याला न सांगता देऊ नका. त्याच्यासाठी संत्र्याची साल सोड्यावर पिळा, पांढरा भाग न घेता, त्यात बिटर्सची खोली नसते पण वास अस्सल असतो.

घरी केलेल्या बिटर्सच्या तक्रारींतली बहुतेक त्या पांढऱ्या भागाचीच असते. साल सोलायच्या यंत्राने हलकी काढा, सुरीने जाड नको, आणि मसाले-मुळं सालीसोबत एकाच बरणीत टाकू नका. जेन्शन दोन-तीन दिवसांत सगळ्यावर चढून बसतं आणि साल अजून नीट उतरलेलीही नसते. प्रत्येकाची वेगळी छोटी बरणी, कडक अल्कोहोल, रोज चाखायचं, म्हणजे चमच्यात दोन थेंब आणि बाकी पाणी, नुसतं चाखलं तर जीभ बधिर होते. जे तयार झालं ते गाळून ठेवायचं आणि शेवटी सिरिंजनेच मिसळायचं, आधी छोट्या ग्लासात, प्रमाण जमलं की मग बाटलीत.

आणि ज्यांना जाळी काढायची नाही, बाटली तशीच झटकायची आहे, त्यांनी निदान भोक बघा. ग्लिसरिन किंवा साखर असलेलं बिटर्स तिथे वाळून चिकट कडं धरतं आणि डॅश तिरका, अर्धवट येतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापडाने महिन्यातून एकदा पुसा. आणि नवीन बाटली फोडली की त्या आठवड्यात एक डॅश जास्त मारा, अर्ध्याखाली गेली की परत रेसिपीवर या.